किनाऱ्यावरचा राखीव मांडव

गणेशोत्सव जवळ आला की तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एक बेत निघू लागतो. मोठे गिऱ्हाईक, मुंबई-अहमदाबादचे वितरक, परदेशातले भागीदार यांना सणाच्या दिवसांत बोलवायचे. दुपारी कारखाना दाखवायचा आणि संध्याकाळी चिंचणीच्या किनाऱ्यावर विसर्जन. सुरूच्या झाडांशी मांडव, आच्छादन घातलेल्या खुर्च्या, दोरी बांधून वेगळी काढलेली वाट, गळ्यात पास, तारपा वाजवणारे एक पथक आणि परतताना हातात चिकूचा खोका. बेत आखणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. तरीही हा बेत चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे. पाहुणे बोलवण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो सण भरात असताना किनाऱ्याचा तुकडा पैशाने वेगळा काढण्याला.

बेताच्या बाजूने जे बोलले जाते ते आधी नीट मांडतो. पाहुण्याला हॉटेलच्या बंद दालनात जेवू घालण्यापेक्षा इथले जिवंत जीवन दाखवणे केव्हाही चांगले. त्यातून गावात चार पैसे येतात. कंपन्या मंडळांना देणग्या देतात, कमानींचा खर्च उचलतात, मग संध्याकाळपुरती थोडी जागा मिळाली तर बिघडले कुठे? शिवाय हे काही नवे नाही. गिरगाव चौपाटीवर परदेशी पर्यटकांसाठी पर्यटन महामंडळाने मांडव घातलेले आहेत. रिओ द जानेरोत तर 1984 साली ऑस्कर निमेयरच्या आराखड्यानुसार कार्निवलसाठी प्रेक्षागारच उभे राहिले, त्यात कंपन्यांचे खास सज्जे आहेत, आणि तो उत्सव बुडाला नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांत वजनदार दिसतो. रिओच्या प्रेक्षागारात सांबा शाळांची स्पर्धा होते. वर्षभर तालीम करून, वेश शिवून, परीक्षकांपुढे गुण मिळवण्यासाठी ती माणसे नाचतात. बघणारा तिथे गृहीतच आहे. विसर्जनाला बघणारा लागत नाही. दीड दिवसाचा किंवा पाच दिवसांचा घरचा गणपती डोक्यावर घेऊन जी बाई, जो मुलगा वाळूत उतरतो, तो कोणाला काही दाखवायला आलेला नसतो. शेवटच्या आरतीला गळा दाटून येतो तो घरच्यांचा. त्या क्षणाकडे खुर्चीत बसून, हातात पेला धरून पाहणारी रांग उभी केली की निरोपाचा खेळ होतो. गिरगावचा मांडव निदान सरकारी आहे आणि परक्या मुलखातून आलेल्या कोणाही प्रवाशासाठी आहे. एका कंपनीने आपल्या सौद्याच्या माणसांसाठी घातलेला तो नव्हे. आणि गिरगावला रुंद चौपाटी आहे, शेकडो पोलीस आहेत. चिंचणीला काय आहे?

इथला किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी लांबवर जाते आणि मूर्ती खांद्यावर घेऊन ओल्या वाळूतून बरेच चालावे लागते. भरतीला उलट, वाळूचा पट्टा आखडतो आणि माणसे सुरूच्या बनापर्यंत दाटतात. विसर्जनाची वेळ त्यामुळे पाणी ठरवते. पोहणारी, दोर धरणारी, मूर्ती खोल नेणारी पोरे बहुतेक मच्छीमारांच्या घरची असतात. कंपनीचा कार्यक्रम मात्र सहाला चहा, सातला विसर्जन, साडेआठला जेवण असा छापलेला असतो. भरतीच्या वेळी तोच राखीव मांडव उरलेल्या वाळूचा मोठा भाग अडवतो, आणि गर्दी त्याच्या दोन्ही बाजूंनी पाण्याकडे ढकलली जाते. मला हा प्रश्न शिष्टाचाराआधी सुरक्षिततेचा वाटतो. बोईसरकडून येणारा रस्ता वसाहतीतल्या टँकरांनी एरवीही भरलेला असतो. त्यात मिरवणुकांचे ट्रॅक्टर, आणि वर पाहुण्यांच्या बसगाड्या. रुग्णवाहिकेला वाट द्यायची तर कोणी कोणाला थांबवायचे?

आता पैशाचा मुद्दा. सणाच्या दहा दिवसांत गावातला मांडववाला, ढोल-ताशाचे पथक, टेम्पोवाला, आचारी यांच्यापैकी कोणी रिकामा नसतो. अशा वेळी जास्त दर देणारी कंपनी उतरली की नवे काम निर्माण होत नाही, असलेल्या कामाचा भाव चढतो. ज्या छोट्या मंडळाने वर्गणीतून जेमतेम पथक ठरवलेले असते त्याला ऐनवेळी नकार येतो. जेवण, सजावट, ध्वनी हे सगळे बहुधा मुंबईहून आलेल्या ठेकेदाराकडे जाते आणि गावाच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी थर्माकोलच्या ताटल्या उरतात. ज्यांना खरोखर गावाला चार पैसे द्यायचे आहेत त्यांच्यासाठी वेळ आहेच: अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्ष लागतो. लग्ने नाहीत, मुंजी नाहीत, मांडवाचे बांबू गोदामात पडून असतात, वाजवणारे घरी बसलेले असतात. वितरकांची बैठक आणि जेवण हे काही मंगलकार्य नव्हे. ते त्या पंधरवड्यात चिंचणीत करा, इथल्याच बायकांच्या बचतगटाला स्वयंपाक द्या. तोच पैसा दुप्पट उपयोगी पडेल.

देणगीवरून हक्क सांगणे मला सर्वांत जास्त खटकते. मंडळांनी सार्वजनिक वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 क खाली परवानगी घ्यायची असते. म्हणजे गोळा होणारा पैसा सार्वजनिक कामाचा आहे आणि त्याचा हिशेब लोकांना द्यायचा आहे, हे कायद्यानेच धरले आहे. पावती घेतलेल्या देणगीच्या बदल्यात किनाऱ्याचा तुकडा मिळत नाही. कमानीवर नाव झळकवले असेल तर ती जाहिरात आहे, आणि जाहिरातीचा मोबदला कमानीवरच मिळाला. सामाजिक दायित्वाच्या निधीतूनही हे भागत नाही: 2021च्या दुरुस्त नियमांनी मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व त्या निधीतून स्पष्टपणे वगळले आहे.

आणि या किनाऱ्याशी तारापूरच्या कारखान्यांचे खाते काही जमेचे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात पहिले होते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी 2022 मध्ये शंभरावर कारखान्यांकडून पर्यावरणीय भरपाई घेण्याचा आदेश दिला. अर्ज करणारे मासेमार होते. ज्यांच्या जाळ्यातली मासळी सांडपाण्याने घटली त्यांच्याच किनाऱ्यावर, त्यांच्याच पोरांच्या खांद्यांकडे बघत, त्याच वसाहतीने पाहुण्यांना जेवू घालावे, हे मला पटत नाही. प्रत्येक कारखाना दोषी नाही, हे मान्य. पण लाटेत उभ्या असलेल्या माणसाने मांडवावरचे नाव भरपाईच्या यादीत होते की नव्हते हे शोधत बसावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

पाहुण्यांच्या यादीचाही विचार व्हावा. तारापुरात औषधनिर्मितीचे कारखाने पुष्कळ आहेत. 2024च्या औषधविपणन संहितेने डॉक्टरांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना भेटी देणे, प्रवास-मुक्कामाची सरबराई करणे औषधकंपन्यांना मनाई केली आहे. व्याख्याते म्हणून बोलावण्यासारखे अपवाद मोजके आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या 1964च्या वर्तणूक नियमांतही, ज्या कंपनीशी कामाचा संबंध येतो तिचे उंची आदरातिथ्य टाळावे असे सांगितले आहे. सणाचे निमित्त केले म्हणून यातले काही शिथिल होत नाही. उलट देवाच्या नावावर दिलेल्या पाहुणचाराला नाही म्हणणे संकोचाचे जाते, म्हणूनच तो अधिक जपून द्यावा.

इतके खंडन केल्यावर कोणी म्हणेल, मग कंपन्यांना सणातून बाहेरच ठेवा. हेही मला मान्य नाही. आज बोईसरची कितीतरी घरे वसाहतीच्या पगारावर चालतात. मंडळात आरतीचे ताट धरणारा पोरगा रात्रपाळीला बॉयलरवर असतो. परगावाहून आलेल्या माणसाला विसर्जन बघावेसे वाटले तर त्याला हाकलणारे आपण कोण? आणि मोठेपणाने अन्न देण्याची परंपरा याच मातीत सापडते.

चिंचणीला सापडलेल्या राष्ट्रकूट ताम्रपटांपैकी एक शक 848 म्हणजे इ. स. 926चा, तिसऱ्या इंद्राच्या काळातला आहे. दिनेशचंद्र सरकारांनी तो संपादित केला. त्यात मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब वंशाचा अधिकारी येतो. मधुमती हे महंमद या नावाचे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात. दुसऱ्या कृष्णाने संयान म्हणजे आजच्या संजाणचे मंडल त्याच्याकडे सोपवले होते. त्याने दोन ठिकाणी फुकट होड्या चालू केल्या आणि एक सत्र उघडले; तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. बंदराचा कारभारी, परक्या वंशाचा, परक्या धर्माचा. व्यापाऱ्यांशी त्याचा रोजचा संबंध. त्याची जी आठवण कोरली गेली तीत ही विनामूल्य पंगतही आहे. आजच्या कंपनीला पाहुणचाराचा नमुना हवा असेल तर तो अकराशे वर्षांपूर्वी इथे कोरून ठेवलेला आहे. कंपनीला खर्च करायचाच असेल तर विसर्जनाच्या वाटेवर पाणी, प्रकाशाचे दिवे, फिरती शौचालये, रुग्णवाहिका आणि भाताची पंगत यांवर करावा, आणि त्याच पंगतीत आपल्या पाहुण्यालाही बसवावे. पाच-सहा माणसे, पास नाही, दोरी नाही, गावातल्या एखाद्या घराने बोलावलेली आणि त्या घराबरोबर चालत आलेली. अशा पाहुण्याला गाव आनंदाने वाट करून देते.

खरे तर कारखान्याला स्वतःचा सण आहे, आणि तो असताना दुसऱ्याच्या सणात खुर्च्या मांडायची गरजच काय? खंडेनवमीला यंत्रे पुसली जातात, त्यांना झेंडूचे हार चढतात, फिटर आणि ऑपरेटर आपापल्या यंत्राला हळदकुंकू वाहतात. उत्तरेतून आलेले कामगार 17 सप्टेंबरला विश्वकर्म्याची पूजा करतात. त्या दिवशी यजमान कंपनी असते, घर कंपनीचे असते. गिऱ्हाईकाला तेव्हा बोलवावे. ज्या यंत्रावर त्याचा माल होतो ते यंत्र आणि ज्या हातांनी होतो ते हात, दोन्ही त्याला दिसतील. कामगारांच्या बायकामुलांबरोबर त्याला जेवू द्यावे. तिथे तारपाही आणायला नको. वारल्यांचा तारपा भात तयार होऊ लागल्यावरचा. भाद्रपदात त्याला स्वागताच्या दारात उभे करणे त्याच्या ऋतूशी विसंगत आहे. तारपा ऐकायचाच असेल तर पाहुण्याने सुगीनंतर पाड्यावर जाऊन ऐकावा.

या सगळ्यात ज्याचा कोणी विचार करत नाही तो कंत्राटी कामगार. पाहुणे आले की त्याची पाळी लांबते, सुरक्षारक्षकाची सुट्टी रद्द होते, कॅन्टीनचा माणूस किनाऱ्यावर ताटे उचलायला जातो. स्वतःच्या घरच्या गणपतीला तो नसतो. कंपनीचा सण साजरा करण्याचा पहिला खर्च त्याच्या भरपगारी सुट्टीचा असला पाहिजे. तो खर्च न करता पाहुण्यांना सोयी देणाऱ्या कंपनीला इथल्या संस्कृतीबद्दल आस्था आहे असे मी म्हणू शकत नाही.

2026 साली गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, विश्वकर्मा पूजा तीन दिवसांनी आणि अनंत चतुर्दशी 25 तारखेला. सतराला कारखान्यात पाहुणे, पंचविसाला कामगारांना सुट्टी, त्यानंतरच्या पितृपक्षात वितरकांची बैठक आणि जेवण, असे वेळापत्रक एका कागदावर बसते. तारापूरच्या कारखानदारांच्या संघटनेने ते आपल्या सभासदांपुढे मांडवाची कंत्राटे देण्यापूर्वी ठेवावे, आणि चिंचणी ग्रामपंचायतीने यंदा किनाऱ्यावर कोणत्याही कंपनीला राखीव जागेची परवानगी देऊ नये.