प्रत आणि प्रतिष्ठा

छायाचित्राची प्रत विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे, कारण तसलीच दुसरी प्रत उद्या निघू शकते, हा युक्तिवाद कोल्हापुरात चांगल्या जाणत्या माणसांकडूनही ऐकू येतो. लग्नमुंजीच्या ऑर्डरी बंद करून स्वतःच्या निवडीची छायाचित्रे विकू पाहणाऱ्या फोटोग्राफराला तर तो हमखास ऐकवला जातो. शाहू स्मारकाच्या कलादालनात जलरंगातल्या रंकाळ्यासमोर अदबीने उभा राहणारा रसिक छायाचित्रातल्या रंकाळ्यासमोर पहिला प्रश्न विचारतो तो कॅमेरा कोणता, हा. ज्या गावात बाबूराव पेंटरांसारख्या चित्रकाराने स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवला आणि ज्या गावाने खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचा स्तंभ उभारला, त्या गावातली ही गोष्ट आहे.

चित्रकारांनी असा आक्षेप घेतला तर समजू शकते. त्यांच्या व्यवसायाशी त्याचा संबंध आहे. साहित्याच्या प्राध्यापकांनी तो उचलून धरावा, याचे मात्र नवल वाटते. आपले सगळे जग छापील प्रतींवर उभे आहे. कवितासंग्रहाची पाचशेवी प्रत पहिल्या प्रतीहून उणी आहे, असे आपण वर्गात कधी शिकवत नाही. उलट दुसरी आवृत्ती निघाली की कवीचे अभिनंदन करतो. मग छायाचित्राची दुसरी प्रत निघाली की त्याचे कलापण उणावते, हा न्याय कुठला?

छायाचित्राचा इतिहासही या आक्षेपाच्या बाजूचा नाही. १८३९ साली जाहीर झालेल्या डागेरोटाइपमध्ये खरोखरच एकच प्रतिमा मिळत असे. टॅलबॉटने १८४१ साली आपल्या कॅलोटाइपचे पेटंट घेतले, त्यात निगेटिव्ह होती आणि एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत. पुढे जगाने टॅलबॉटचीच वाट धरली. अनेकत्व हा या माध्यमाचा स्वभाव आहे. आपल्याकडे १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचवल्या. गोध्र्याला फोटोग्राफी करणारे दादासाहेब फाळके पुढे याच छापखान्यासाठी काम करत होते आणि नंतर त्यांनी स्वतःचा कलामुद्रणाचा धंदा काढला. छायाचित्रकाराने छापील प्रतीकडे वळणे आपल्या परंपरेला नवे नाही.

प्रत म्हणजे नक्कल, हे समीकरणही तपासून पाहावे असे आहे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स मुळात पियानोवादक. निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराची स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचे सादरीकरण, असे तो मानी. अल्लादिया खाँसाहेब ज्या दरबारात गायले, त्या कोल्हापूरला हे समजावून सांगावे लागू नये. बंदीश तीच, मैफल निराळी. अ‍ॅडम्सने १९४१ साली टिपलेल्या हर्नांडेझच्या चंद्रोदयाच्या प्रती पुढची अनेक वर्षे स्वतः काढल्या. त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आणि आकाश दशकागणिक काळे होत गेले. पोटासाठी हा माणूस वर्षानुवर्षे जाहिरातींची कामे करत होता, हेही ध्यानात ठेवावे.

आता कायद्याकडे पाहू. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही कलाकृतीच आहे, आणि तिच्यात कलागुण असो वा नसो, असेही तिथे म्हटले आहे. हा औदार्याचा नमुना झाला. पण कलम १७ म्हणते की मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. मोबदला घेऊन रंगवलेल्या व्यक्तिचित्रालाही हेच कलम लागू आहे हे खरे. पण लग्नाच्या फोटोग्राफराचे अवघे पोटच ऑर्डरीवर. तीस वर्षांत त्याने काढलेली हजारो छायाचित्रे इतरांच्या कपाटांतल्या अल्बमांत पडून असतात आणि त्यांतल्या एकीवरही त्याचा कायदेशीर हक्क नसतो. ऑर्डरी सोडल्यावर तो प्रथमच स्वतःच्या कामाचा मालक होतो. ‘बाजारू झाला’ म्हणून त्याला नावे ठेवणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे. कलम ५३अ तर अधिक बोलके आहे. दहा हजारांवर पुनर्विक्री झाली, तर किमतीत वाटा मागण्याचा हक्क ते चित्र, शिल्प, रेखाटन यांच्या कर्त्यांना देते, साहित्यिकाच्या हस्तलिखितालाही देते; छायाचित्राचे नाव त्या यादीत नाही.

माझे खरे भांडण मात्र खुद्द फोटोग्राफरांशी आहे. आक्षेपाला उत्तर देण्याऐवजी ते ‘मर्यादित आवृत्ती’चा आसरा घेतात. कोपऱ्यात तीन भागिले दहा असे लिहायचे, अकरावी प्रत काढणार नाही अशी हमी द्यायची आणि टंचाईची किंमत लावायची. याचा अर्थ, प्रत वाढली की कला घटते, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. अ‍ॅडम्सच्या त्या चंद्रोदयाची, हजारावर प्रती असूनही, एक प्रत १९८१ साली ७१,५०० डॉलरना विकली गेली. त्याने १९७५नंतर नव्या मागण्या घेणे थांबवले होते आणि त्यामुळेही भाव चढले, असे कोणी म्हणेल. ते मान्य. पण वय झालेल्या माणसाने हात थांबवणे वेगळे, आणि पहिली प्रत वाळण्याआधीच अकरावीवर बंदी घालणे वेगळे.

किंमत घ्यावी, चांगली घ्यावी. सुती कागद, न उडणारी पिगमेंट शाई, सावलीतला तपशील टिकवण्यासाठी वाया गेलेले चार कागद, यांचे पैसे ठोकून मागावेत. प्रतीच्या पाठीवर कागद, शाई, छापल्याची तारीख आणि सही असावी. पोस्टकार्डाएवढी प्रत विद्यार्थ्यालाही परवडेल अशी काढावी, आणि भिंतभर प्रतीला भिंतभर भाव लावावा. अकराव्या गिऱ्हाइकाने पंचगंगेचा घाट मागितला, तर त्यालाही तो द्यावा.