माइक तिनं का बंद करायचा?

गोदीत मी रोज शिव्या ऐकतो. गोण निसटली की शिवी, पाळी लांबली की शिवी. ऑनलाइन खेळात पोरीला पडणारी शिवी वेगळी. तिथं तिचं काही चुकावं लागत नाही. तोंड उघडलं की पुरे.

अमेरिकेतल्या दोन संशोधकांचा २०१३ सालचा लेख आहे. 'हेलो ३' खेळताना त्यांनी तीच वाक्यं कधी पुरुषाच्या, कधी बाईच्या आवाजात वाजवली. बाईच्या आवाजाला तिप्पट वाईट बोल पडले. गुन्हा काय? आवाज.

मग बाया काय करतात? माइक बंद ठेवतात. पुरुषी नाव घेतात. ओळखीच्या टोळीतच खेळतात. म्यूट करतात, तक्रार टाकतात. पण 'व्हॅलोरंट'मध्ये पाच जणांचा संघ. शत्रू कुठं आहे ते बोलून सांगणं सगळ्यात सोपं. ती गप्प राहिली तर संघ हरतो, आणि पुन्हा शिव्या तिलाच! २०१२ साली 'क्रॉस असॉल्ट' स्पर्धेत एका खेळाडूनं आपल्याच प्रशिक्षकाच्या घाणेरड्या बोलण्यापायी सामना सोडला. हरली ती. तो बोलतच होता.

आडनाव लपवून भाड्याची खोली मिळवणाऱ्या आपल्याला हे नाव बदलणं समजावून सांगायला नको. याच खेळांत 'छपरी' ही जातीची शिवी सर्रास चालते. ती तुम्हाला डाचते ना? मग बाईला पडणारी शिवी ऐकून हसता कसे?

संघात बाकीचे चौघं असतात. त्यांचे माइक चालू असतात. साल्यांनो, तिथं बोला!