प्रकल्प, संगणक आणि ओवीतला नवरा

मराठीच्या वर्गात 'प्रकल्प' म्हटले की काय घडते, हे आपण सारेच जाणतो. विद्यार्थी महाजालावरून दहा-बारा पाने उतरवून घेतात, मुखपृष्ठावर लेखकाचे छायाचित्र लावतात, स्पायरल बाइंडिंग करून आणतात आणि आपण सही करतो. पुढे कागद जाऊन पडद्यावरची सादरीकरणे आली. आता तर प्रश्न टंकला की संगणक सबंध निबंधच लिहून देतो. साधने बदलत गेली, नक्कल तशीच राहिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र-प्रकल्पाला श्रेयांक मिळाले आहेत. त्यामुळे तंत्रज्ञानाधारित प्रकल्प विद्यार्थ्याला विचार करायला लावतो की विचारापासून त्याची सुटका करतो, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

बी.एड. केलेल्या प्रत्येकाला बेंजामिन ब्लूम यांची १९५६ची वर्गवारी पाठ असते. लॉरिन अँडरसन आणि डेव्हिड क्रॅथवोल यांनी २००१ मध्ये ती सुधारली, तेव्हा सर्वांत वरच्या पायरीवर सर्जन ठेवले. विद्यार्थ्याने चित्रफीत किंवा अनुदिनी तयार केली म्हणजे तो त्या पायरीवर पोहोचला, असे आम्हीही काही वर्षे समजत होतो. अशा देखण्या कामांना आम्ही भरघोस गुण दिले. प्रत्यक्षात ते सर्वांत खालच्या पायरीवरचे स्मरणच होते, फक्त रंगीत.

आमचे मत बदलले ते जात्यावरच्या ओव्यांमुळे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजारांहून अधिक खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले, ध्वनिमुद्रणे झाली, संगणकीय संग्रह उभा राहिला. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर त्या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. हा संग्रह वर्गात ऐकवून आम्ही विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले: आपल्या आजीच्या किंवा शेजारच्या एखाद्या वृद्धेच्या ओव्या, तिची परवानगी घेऊन, मोबाइलवर मुद्रित करा, तक्त्यात लिहा आणि त्यांत कोणती नाती किती वेळा येतात ते शोधा.

पहिली अडचण लेखनातच आली. एका विद्यार्थिनीने आजीचे 'पानी' शुद्ध करून 'पाणी' लिहिले आणि आधीच्या ओळीतील 'कानी'शी जुळलेले यमक मोडले. शुद्धलेखनाचा नियम कोणासाठी आणि कोठपर्यंत, यावर त्या दिवशी जी चर्चा झाली, ती व्याकरणाच्या तासाला कधी झाली नव्हती.

दुसरी अडचण अधिक मोलाची ठरली. तक्त्यात 'भाऊ' सर्वत्र होता. 'नवरा' शोधला तर जवळजवळ कोठेच नाही. मुलांनी निष्कर्ष काढला: बायकांना नवऱ्याविषयी गावेसे वाटतच नव्हते. आम्ही त्यांना तोच तक्ता घेऊन पुन्हा आजीकडे पाठवले. परत आली तेव्हा त्यांनी शोधावयाचे शब्दच बदलले होते. कारण आजीच्या ओवीत नवरा 'कुंकू' होता, 'चुडा' होता, 'भरतार' होता. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, या रीतीत वाढलेली स्त्री गातानाही त्याला आडूनच हाक मारणार. जे शब्द आम्ही अलंकार म्हणून शिकवत आलो होतो, त्यांच्यामागे एक अख्खे सासर उभे होते. संगणकाने मोजणी अचूक केली होती. चुकला होता तो प्रश्न, आणि तो दुरुस्त करायला माणसाचे वाचन लागले.

आमच्या मते उच्च पातळीवरील विचार येथे सुरू होतो. यंत्राने दिलेले उत्तर अपुरे आहे, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या सामग्रीवरून कळले पाहिजे. म्हणून प्रकल्पाची सामग्री त्याने स्वतः जमवलेली असावी, आणि निम्मे गुण निर्णयांच्या नोंदवहीला असावेत: कोणता शब्द शोधला, काय सापडले नाही, मग काय बदलले. अशी नोंदवही उसनी आणता येईलही, पण समोर बसवून दोन प्रश्न विचारले की ते उघडे पडते.

संगणक नाहीत, वर्ग मोठे आहेत, असा आक्षेप येईल. पाच जणांच्या गटाला एक मोबाइल आणि रेघा आखलेला कागद पुरतो, हे आम्ही पाहिले आहे. खरी टंचाई शिक्षकाच्या वेळेची आहे. नोंदवह्या वाचाव्या लागतात, गटांना पुन्हा गावी धाडावे लागते, आणि आपले उत्तरही चुकू शकते हे मुलांपुढे कबूल करावे लागते. महाविद्यालये उपकरणांच्या खरेदीला मंजुरी देतात. या वेळेचा हिशेब मात्र कोणत्याच कार्यभारात धरला जात नाही. तो धरला जावा, अशी मागणी आता भाषेच्या शिक्षकांनीच करायला हवी.