उंबरठ्याच्या आतली जबानी

दिवाळी अंकाच्या संपादकाने सरत्या वर्षाचा आढावा घ्यावा अशी वहिवाट आहे. परंतु लांबलेला पाऊस, कागदाचे चढे भाव आणि साहित्यिकांचे नित्याचे कलह यांची खबर आपणांस आमच्याइतकीच असल्यामुळे, वर्षभर मनात सलत राहिलेली एकच फिर्याद आज दाखल करतो. ती आहे पडद्यावरच्या दारुड्याविषयी.

१९३५ साली सैगल, १९५५ साली दिलीपकुमार आणि २००२ साली शाहरुख खान यांनी हिंदी पडद्यावर साकारलेला देवदास पिऊन पिऊन झिजतो, पारूच्या दाराबाहेर प्राण सोडतो आणि प्रेक्षागृह हुंदके देते. पण त्या जमीनदारपुत्राच्या पिण्याने कोणाची चूल विझली, कोणाची फी थकली, असे कोणी विचारीत नाही, कारण कथेने त्याला बायकोही दिलेली नाही आणि पोरेही. १९८४च्या ‘शराबी’चा नायक तर कोट्यधीशाचाच चिरंजीव! ‘साहिब बीबी और गुलाम’ने १९६२ साली निदान पत्नीची व्यथा मांडली, तथापि तीही हवेलीतली.

याहून आम्हांला खटकतो तो मायेच्या स्पर्शाने होणारा उद्धार. १९८९च्या ‘डॅडी’त लेकीच्या प्रेमाने बाप बाटली सोडतो आणि पुन्हा गाऊ लागतो, हे पाहून घरी परतणाऱ्या बाईने आपलेच प्रेम कमी पडले असे समजावे काय? व्यसन हा आजार आहे असे मानून पुण्यात १९८६पासून ‘मुक्तांगण’ त्यावर उपचार करीत आहे आणि तेथे पत्नींचेही वेगळे ऐकून घेतले जाते, ही गोष्ट आमच्या पटकथाकारांच्या कानी अद्याप गेलेली दिसत नाही. गडकऱ्यांनी, रंगभूमीवर १९१९ साली आलेल्या ‘एकच प्याला’त, दारुड्याच्या पत्नीला, सिंधूला, जात्याशी बसवून दारूचा हिशेब घरातच मांडला होता. (तिचे पातिव्रत्य आज आम्हांला सोसवत नाही, हा भाग निराळा.)

यंदाच्या अंकाचा विषय ‘उंबरठा’ ठरला तेव्हा, खरे सांगायचे तर, दारू आमच्या मनातही नव्हती. पण देवदास मेला तो उंबरठ्याबाहेर आणि आमचा कॅमेराही त्याच्यापाशी बाहेरच राहिला, हे ध्यानी आल्यावर लेखणी आवरेना.

आमच्या लहानपणी चाळीच्या तळमजल्यावर एक गिरणी कामगार राहत असे. संध्याकाळी त्याची सायकल स्टँडवर लागल्याचा ‘खट्’ असा आवाज आला, की आत मुलींचे पाढे तसेच पुढे चालू राहत. ती भिंतीवर आदळली, की पाढा मध्येच तुटे, आई वरणाचे पातेले पदराने धरून शेजारी ठेवायला देई आणि धाकटी बिछान्यात शिरून झोपेचे सोंग घेई. पगाराच्या दिवशी पाढे सुरूच होत नसत.