घरचा पाहुणा

नवऱ्याच्या स्वागताची तयारी, यात लिहिण्यासारखे ते काय, असे आपल्याला वाटेल. पण बायको कामानिमित्त परदेशी आणि नवरा पुण्यात, असे संसार आता आपल्या ओळखीतही दोन-चार निघतात. माझा त्यांतलाच. संशोधनासाठी मी जर्मनीत हायडेलबर्गला राहते. २०२४ च्या दिवाळीला हे तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे आले. चौदा महिन्यांनी आमची गाठ पडत होती.

पहिली पायरी कागदपत्रांची. व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. शिवाय पाहुण्याच्या खर्चाची हमी यजमानाला सरकारी कचेरीत जाऊन लिहून देता येते. ती मी दिली. सात जन्मांसाठी मागून घेतलेल्या माणसाची तीन आठवड्यांची हमी देताना मला हसू आले. टेबलापलीकडच्या बाई मात्र हसल्या नाहीत.

भगिनींनो, सामानाबद्दल एक सांगून ठेवते. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला तिथे दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. सासूबाईंनी घरी कढवलेल्या तुपाची बरणी बांधून ठेवली होती. ती मी फोनवरून सोडायला लावली; त्यांचा पडलेला आवाज मला तिथवर ऐकू आला. गोडा मसाला, मेतकूट आणि चकल्या मात्र सुखरूप पोचल्या.

हे २६ ऑक्टोबरला आले, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे तासभर मागे जातात. म्हणजे दुसऱ्याच दिवसापासून पुण्याचे पहाटेचे सहा ते तिथले रात्रीचे दीड! यांना नेमकी तेव्हा जाग येई, आणि स्वयंपाकघरात चहाचे भांडे वाजे. रात्री दहानंतर आवाज करू नये असा तिथला दंडक. मी अंथरुणातूनच "अहो, हळू!" म्हणून ओरडे, ते भांड्यापेक्षा मोठ्याने.

मी एका कागदावर सगळी आखणी करून ठेवली होती. किल्ला, नेकार नदीवरचा जुना पूल, १३८६ सालचे विद्यापीठ. पुण्यात बँकेपासून गिरणीपर्यंत सगळे पाहणारा हा माणूस तिथे ट्रामचे तिकीट काढतानाही माझ्या तोंडाकडे बघे. आणि मी? मी सुधारत होते. इथे उभे राहू नका, तो दिवा हिरवा होऊ द्या, हा कागद त्या डब्यात. कचऱ्याचे डबे तिथे तीन-चार असतात. पाहुण्याला ते पाठ होणार कसे?

बुधवारी संध्याकाळी माझ्या प्रयोगशाळेतली दोन माणसे चहाला आली. यांनी बिस्किटांचे वेष्टन चुकीच्या डब्यात टाकले. मी सर्वांदेखत म्हणाले, "अहो, तिसऱ्यांदा सांगतेय!"

पाहुणे गेल्यावर हे शांतपणे म्हणाले, "अगं, मी तुला भेटायला आलोय. परीक्षेला नाही."

माझाही तोल गेला. "मला इथे आल्यावर हे सांगायला तरी कोण होतं? एकटीनेच शिकले ना सगळं!"

त्यावर ते काहीच बोलले नाहीत. मला झोप आली नाही. एकटीने राहून मी घराची अशी काही घडी बसवली होती की त्यात दुसऱ्या माणसाला जागाच उरली नव्हती. खिडकीशी खुर्ची एकच. कपाटातला यांच्यासाठी म्हणून रिकामा केलेला कप्पा, तोही सर्वांत खालचा. आणि मी कामावर गेल्यावर हे दिवसभर घरातच का बसतात, याचा उलगडा तेव्हा झाला. घराची दुसरी किल्ली मी शेजारच्या आजींकडे ठेवली होती. ती यांना द्यायचे मला सुचलेच नव्हते! हमीपत्र लिहून दिले, विम्याचा कागद दोनदा तपासला, आणि किल्ली विसरले. आपला माणूस येणार असेल तर चकल्यांच्या आधी किल्लीचे बघा.

गुरुवारी सकाळी किल्ली यांच्या हाती दिली आणि आखणीचा कागद फाडला. शुक्रवारी, १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन. त्या प्रांतात त्याच दिवशी सर्व संतांच्या सणाची सुट्टी असते, दुकाने बंद. बत्तासे नव्हते, साखरेवर भागवले. मागून आणलेल्या खुर्चीवर बसून यांनी खिडकीत पणत्या लावल्या.

शनिवारी पाडवा. पाटाऐवजी उशीवर बसवून मी यांना ओवाळले. यांनी खिशातून नाणी काढून तबकात मोजून ठेवली. साडेचार युरो.

"हे काय?"

"माझी इथली पहिली कमाई," हे म्हणाले.

तिथे पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात परत केली की तिचे २५ सेंट मिळतात. माझ्या गच्चीत महिनोन् महिने साठलेल्या बाटल्या यांनी गुरुवारी एकट्याने वाटेत विचारत विचारत नेल्या होत्या.

"अठराच झाल्या," हे म्हणाले, "एकोणिसावी यंत्राने घेतली नाही. तिचं लेबल फाटलं होतं. ती कुठल्या डब्यात टाकायची तेवढं सांग."