दोष सुरक्षेच्या माथी

फॉर्म्युला वनच्या शर्यतींचे जुने आणि नवे रसिक यांच्यात गेली काही वर्षे जो वाद रंगला आहे, त्यातील जुन्या पक्षाची कैफियत थोडक्यात अशी, की मोटारींवर संरक्षणाची लोढणी चढली, पावसाच्या चार सरी येताच शर्यत तहकूब होऊ लागली, चालकाच्या जिवाचा धोका गेला आणि त्या धोक्याबरोबर शर्यतीचा प्राणही गेला. या कैफियतीतील खंत खोटी नाही. मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात तिने भलत्यालाच उभे केले आहे, असे माझे मत आहे.

ज्या काळाच्या आठवणीने उसासे टाकले जातात, त्याचे खरे रूप पाहावयाचे असेल, तर 1966 सालच्या जून महिन्यात बेल्जियममधील स्पा येथे झालेल्या शर्यतीकडे पाहावे. पहिल्याच फेरीत पाऊस कोसळला. जॅकी स्टुअर्ट या चालकाची मोटार भरधाव वेगात रस्ता सोडून गेली, मुडपलेल्या सांगाड्यात स्टीअरिंगखाली तो अडकून पडला आणि फुटलेल्या टाकीतील पेट्रोल त्याच्या अंगावर गळत राहिले. त्याच्या मदतीस धावले ते संयोजकांचे कोणी पथक नव्हे, तर त्याच पावसात घसरलेले ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट हे त्याचे दोन प्रतिस्पर्धी. आणि स्टीअरिंग सोडविण्यासाठी पाना हवा होता, तोही एका प्रेक्षकाकडून मागून आणावा लागला. सुमारे पंचवीस मिनिटांनी तो बाहेर निघाला, तर त्याला घेऊन निघालेली रुग्णवाहिका इस्पितळाची वाट चुकली! पुढे स्टुअर्ट आपल्या मोटारीत स्टीअरिंगपाशी एक पाना चिकटवूनच शर्यतीत उतरू लागला. साऱ्या व्यवस्थेवरचा त्याचा अविश्वास त्या पान्यात सामावला होता.

या मनुष्याने रस्त्याकडेला कठडे हवेत, डॉक्टर हवेत, आग विझविण्याचा बंदोबस्त हवा, असा आग्रह धरला, तेव्हा त्याला भित्रा म्हणून हिणविण्यात आले. हिणविणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरच 1968 साली, नुर्बुर्गरिंगच्या त्या सुमारे तेवीस किलोमीटरच्या डोंगराळ रानवाटेवर, पुढची मोटार दिसू नये इतक्या दाट धुक्यात आणि पावसात, दुखावलेल्या मनगटाला आधार बांधून, त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या चालकाला चार मिनिटांहून अधिक अंतराने मागे टाकले. तीन वेळा जगज्जेता ठरलेल्या या वीराने 1973 साली आपली शंभरावी शर्यत धावण्याचेच नाकारले, कारण आदल्या दिवशी त्याचा तरुण सहकारी फ्रान्स्वा सेव्हेर सरावात मरण पावला होता. धाडस आणि सावधपणा एकत्र नांदत नाहीत, हा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी प्रथम स्टुअर्टचे काय करावयाचे ते ठरवावे.

आता हेलोविषयी. चालकाच्या डोक्याभोवतीचे हे टायटॅनियमचे कडे 2018 साली सक्तीचे झाले, तेव्हा हवाई चपलेच्या पट्ट्यासारखे दिसते म्हणून त्याची यथेच्छ टवाळी झाली. टीकाकारांत रोमां ग्रोजां हा चालकही होता. 29 नोव्हेंबर 2020 रोजी बहारीनमध्ये, पहिल्याच फेरीत, त्याची मोटार लोखंडी कठड्यात घुसून दुभंगली, पुढला भाग कठडा फाडून पलीकडे गेला आणि भडकलेल्या ज्वाळांत सुमारे अठ्ठावीस सेकंद राहून तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला; डाव्या पायातला बूट तेवढा आत राहिला. कठड्याचे पत्रे त्याच्या डोक्यापाशी थोपविले होते ते हेलोने. डॉक्टर काही क्षणांत तेथे पोहोचले, कारण पहिल्या फेरीत वैद्यकीय मोटार स्पर्धकांच्या मागोमाग धावते. आणि ही तजवीज, 1978 साली माँझा येथील अपघातानंतर रॉनी पीटरसन दगावला तेव्हा, डॉक्टर सिड वॉटकिन्स यांनी हट्टाने करवून घेतलेली. ग्रोजांने आपले मत बदलले, हे सांगावयास नकोच.

पावसाची तक्रार अधिक गुंतागुंतीची आहे. 2021 साली स्पा येथे हजारो प्रेक्षक दिवसभर भिजत बसले आणि अखेर वेग आवरून धरणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे मोजक्या फेऱ्या मारून, शर्यत झाली असे मानून, निम्मे गुण वाटण्यात आले. यावर संताप झाला तो रास्तच होता. परंतु मोटारी सोडल्या नाहीत याबद्दल तो असण्यापेक्षा, न झालेल्या शर्यतीचे गुण वाटले याबद्दल असावयास हवा होता. उलट पुढल्याच वर्षी सुझुका येथे, भर पावसात, बंद पडलेली मोटार उचलणारे अवजड वाहन रस्त्यावर असताना पिएर गॅस्ली हा चालक त्याच्या जवळून वेगाने गेला. आणि याच सुझुकात 2014 साली अशाच वाहनावर आदळून ज्यूल बियांकी जायबंदी झाला व नऊ महिन्यांनी वारला. एवढे होऊनही सावधगिरीचा अतिरेक झाला असे म्हणावयाचे म्हणजे धाडसच आहे, पण निराळ्या जातीचे.

खरे दुखणे शर्यत चालविणाऱ्यांच्या मुखत्यारीचे आहे. अबूधाबी येथे डिसेंबर 2021 मध्ये हॅमिल्टन आणि व्हेरस्टाप्पेन या चालकांमधील जगज्जेतेपद अखेरच्या फेरीवर आले असताना, शर्यत-संचालकाने मागे पडलेल्या आठ मोटारींपैकी, या दोघांच्या मधल्या तेवढ्या पाचांना पुढे जाऊ दिले, आणि नियमाप्रमाणे आणखी एक फेरी न थांबता, सेफ्टी कारच्या मागे चाललेली शर्यत पुन्हा सुरू केली. पुढे एफआयए या नियामक संस्थेच्या चौकशी अहवालात ही मानवी चूक ठरली आणि निकाल मात्र कायम राहिला. येथे कोणाचा जीव वाचवावयाचा नव्हता. शर्यत हिरव्या झेंड्याखाली संपावी, तमाशा साजरा व्हावा, एवढीच निकड होती.

मोटारींच्या वजनाचेही तसेच. 2008 साली चालकासह किमान 605 किलोची असलेली मोटार 2025 साली 800 किलोवर गेली. त्यात हेलोचा भार सुमारे सात किलोंचा. सुरक्षेच्या इतर साधनांचाही वाटा आहे, पण मोठा हिस्सा संकरित इंजिन, बॅटरी आणि वाढत गेलेली लांबीरुंदी यांचा. असे धूड मोनॅकोच्या गल्ल्यांत एकमेकांना ओलांडू शकत नाही, म्हणून 2025 साली तेथे प्रत्येकाने दोनदा चाके बदललीच पाहिजेत असे फर्मान निघाले. आणि परिणाम असा झाला, की काही संघांनी आपल्या एका चालकाला मुद्दाम रेंगाळावयास लावून दुसऱ्यासाठी मोकळी जागा करून घेतली. नियमभंग कोणीच केला नाही.

2026 पासूनच्या नियमावलीत किमान वजन 768 किलोंवर उतरविले आहे, ही चांगली गोष्ट. परंतु इंजिन आणि वीज यांचा शक्तीतील वाटा जवळपास समसमान झाल्यामुळे, सरळ रस्त्यावर, जेथे वेगाची परमावधी व्हावयाची तेथेच, बॅटरीसाठी वेग आवरता घ्यावा लागेल, अशी भीती चालकांनी ती अमलात येण्यापूर्वीच बोलून दाखविली होती. जुन्या रसिकांनी हा प्रश्न अवश्य लावून धरावा, आणि तो मोटारनिर्मात्या कंपन्यांच्या दारी लावून धरावा, कारण रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या आपल्या गाड्यांशी शर्यतीचे नाते दाखविण्यासाठी विजेचा आग्रह त्यांचाच होता. चालकाच्या डोक्याभोवतीच्या सात किलोंना त्या दाव्यात गोवण्याचे कारण नाही.