राजवाड्यातील आरसे आणि पेढीवरील हिशेब

उन्हाळी सुट्टी जवळ आली की व्यापारी कुटुंबांत प्रवासाचे बेत आखले जाऊ लागतात. पूर्वी हे बेत सम्मेदशिखर, पालिताणा, श्रवणबेळगोळ अशा तीर्थांचे असत. एखादा संघपती पुढाकार घेई, शंभर-दोनशे माणसांचा संघ निघे आणि वाटेतील मुक्कामांत देवदर्शनाबरोबर तेथील बाजारही पाहून होई. आडत्यांच्या ओळखी होत, भाव कळत, कधी सोयरीकही जुळे. आज त्याच कुटुंबांतील तीन पिढ्या एकत्र निघून युरोपात जातात. बरोबर स्वयंपाकी महाराज असतो, खाखऱ्यांचे डबे असतात, कंदमूळविरहित जेवणाची सोय आधीच लावलेली असते. कार्यक्रमपत्रिकेत एका दिवशी राजवाडा असतो आणि दुसऱ्या दिवशी कारखाना किंवा बाजारपेठ. राजवाडा पाहायचा तो डोळ्यांचे पारणे फेडण्यासाठी आणि व्यवसाय पाहायचा तो काही शिकण्यासाठी, अशी साधारण समजूत असते.

पॅरिसहून अँटवर्पला जाणाऱ्या मार्गावर मात्र ही वाटणी टिकत नाही. तेथे राजवाडा आणि व्यापार यांचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकाचा इतिहास सांगताना दुसऱ्याचा सांगावाच लागतो. हा धागा ज्याच्या हाती लागला, त्याची सहल केवळ छायाचित्रांपुरती उरत नाही.

पॅरिसजवळील व्हर्साय येथे तेराव्या लुईने १६२३ मध्ये शिकारीसाठी एक लहानसे घर बांधले. त्याचा मुलगा चौदावा लुई याने त्या घराचा विस्तार करत करत युरोपातील सर्वांत भव्य राजवाडा उभारला आणि १६८२ मध्ये आपला दरबार तेथे हलविला. या राजवाड्यातील आरसेमहाल जगप्रसिद्ध आहे. ७३ मीटर लांबीच्या या दालनात एका बाजूला १७ कमानदार खिडक्या आणि त्यांच्यासमोर तेवढ्याच कमानींत बसविलेले ३५७ आरसे आहेत. बाहेरच्या बागेचा प्रकाश आरशांत शिरतो आणि दालन दुप्पट मोठे भासते. सहलीतील मंडळी येथे छायाचित्रे काढण्यात रमून जातात. परंतु व्यापाऱ्याच्या मनात येथे पहिला प्रश्न यावयास हवा तो असा : हे आरसे बनविले कोणी, आणि त्यांचे पैसे कोठून आले?

सतराव्या शतकात उत्तम आरसे म्हणजे व्हेनिसचे, अशी ख्याती होती. तेथील मुरानो बेटावरील कारागीर आपली विद्या बाहेर जाऊ देत नसत आणि आरशांपोटी फ्रान्सचा पैसा सतत व्हेनिसकडे वाहत असे. लुईचा अर्थमंत्री कोल्बेर हा कापडव्यापाऱ्याच्या घरातला. त्याने १६६५ मध्ये राजाज्ञेने आरशांचा कारखाना सुरू करविला आणि मुरानोच्या काही कारागिरांना फूस लावून फ्रान्सला आणले. आरसेमहालातील आरसे याच कारखान्याचे. पुढे पिकार्दीतील सेंट-गोबेन या गावी त्याचे काम हलले आणि त्या गावाचेच नाव कंपनीला मिळाले. फ्रेंच राज्यक्रांतीत राजा गेला, राजाने दिलेला मक्ता गेला. परंतु कारखाना राहिला. १८३० मध्ये त्याची भागभांडवली कंपनी झाली. आरशांवरून खिडक्यांच्या काचांवर, काचांवरून रसायनांवर आणि पुढे बांधकामाच्या नाना साहित्यावर तिने आपला पसारा नेला. १९८२ मध्ये फ्रेंच सरकारने तिचे राष्ट्रीयीकरण केले आणि १९८६ मध्ये ती पुन्हा खासगी झाली. पॅरिसमधील लूव्र हाही मुळात राजवाडाच; त्याच्या अंगणातील १९८९ च्या काचेच्या पिरॅमिडला काच याच कंपनीची आहे. चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर येथेही तिचा मोठा काच कारखाना आहे. ज्या घराण्यासाठी आरसे घडले, त्या घराण्याचे राज्य इतिहासजमा झाले. आरसे घडविणारी पेढी साडेतीन शतकांनंतरही आपला ताळेबंद प्रसिद्ध करते.

लुईच्या वैभवाला भारताशी जोडणारा धागा आहे तो एका निळ्या हिऱ्याचा. फ्रेंच जवाहीर व्यापारी टॅव्हर्निए याने भारताच्या अनेक वाऱ्या केल्या. सहाव्या वारीहून १६६८ मध्ये परतल्यावर त्याने लुईला जे हिरे विकले, त्यांत एक मोठा निळा हिरा होता. तो गोवळकोंडा राज्यातील कोल्लूरच्या खाणीतला, असे मानले जाते. लुईने १६७३ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडून घेतले. १७९२ च्या धामधुमीत राजरत्नांबरोबर तो चोरीस गेला. पुन्हा पैलू पडून लहान झालेला तोच हिरा आज ‘होप’ या नावाने वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. कोल्लूर, व्हर्साय, वॉशिंग्टन असा त्याचा प्रवास. या काळात त्याचे किती धनी झाले आणि गेले. हिरा मात्र कोणाचाच झाला नाही.

टॅव्हर्निएच्या काळी सुरतेत वीरजी व्होरा आणि अहमदाबादेत शांतिदास झवेरी हे जैन श्रेष्ठी होते. इंग्रज कंपनीचे वखारदार वीरजींकडे कर्जासाठी येत. शांतिदासांचा व्यवहार थेट मोगल दरबाराशी होता. त्या दरबाराचे मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहा घेऊन गेला आणि दिल्लीचा लाल किल्ला आज तिकीट काढून पाहण्याची वस्तू आहे. शांतिदासांच्या वंशातील कस्तुरभाई लालभाई यांच्या घराण्याने १९३१ मध्ये सुरू केलेली अरविंद मिल मात्र आजही कापड विणते. फ्रान्समध्ये जे आरशांच्या बाबतीत घडले, तेच येथे घराण्याच्या बाबतीत घडलेले दिसते.

व्हर्सायचे वैभव बुडाले ते एका रात्रीत नव्हे. त्याची खतावणी वाचली तर तूट कोठे सुरू झाली हे स्पष्ट दिसते. आरसेमहाल १६८४ मध्ये पूर्ण झाला. पुढच्याच वर्षी लुईने प्रोटेस्टंट पंथीयांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले आणि विणकर, घड्याळजी, सावकार अशी सुमारे दोन लाख उद्यमी माणसे देश सोडून हॉलंड, इंग्लंड, जर्मनीकडे गेली. टॅव्हर्निएही त्याच पंथाचा. त्याचा अंत १६८९ मध्ये दूर मॉस्कोत झाला. त्याच १६८९ मध्ये युद्धाचा खर्च भागविण्यासाठी लुईला आरसेमहालातील चांदीचे सामान वितळवून नाणी पाडावी लागली. ज्या चांदीने दालन पाच वर्षे झळाळले, ती टांकसाळीत गेली. शंभर वर्षांनंतर सोळाव्या लुईच्या काळी सरकारी उत्पन्नाचा सुमारे निम्मा भाग कर्जाच्या फेडीत जाऊ लागला. तिजोरी रिती झाली म्हणून मे १७८९ मध्ये व्हर्सायलाच प्रतिनिधींची सभा बोलवावी लागली आणि ६ ऑक्टोबरला राजकुटुंबाने तो राजवाडा कायमचा सोडला. पुढे तेथील सामानाचा लिलाव जवळजवळ वर्षभर चालला. सतरा हजारांहून अधिक नग विकले गेले.

येथे सहप्रवाशांतील एखाद्या आजोबांना आनंद श्रावकाची कथा आठवली, तर ती नातवंडांना त्या आरशांसमोरच सांगावी. उपासकदशा या आगमात वाणिज्यग्रामच्या या गृहस्थाचे वर्णन आहे. चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसाराच्या मालमत्तेत, अशी त्याची संपत्ती. शिवाय दहा हजारांचा एक असे गाईंचे चार कळप. भगवान महावीरांपाशी त्याने व्रते घेतली, तेव्हा सर्वस्वाचा त्याग केला नाही. आहे त्या संपत्तीवर मर्यादा घातली. याहून अधिक नको, एवढेच तो म्हणाला. तो अखेरपर्यंत श्रावकच राहिला. परिग्रह-परिमाण व्रताचा अर्थ दारिद्र्य असा नाही. आपल्या गरजेची रेघ आपणच आधी ओढून ठेवणे, हा तो अर्थ. त्या तीन सारख्या भागांत व्यापाऱ्याला कळणारे शहाणपणही आहे : संकटासाठी ठेव, वाढीसाठी भांडवल, राहणीसाठी घर, आणि यांतील कोणताही एक भाग दुसऱ्यांना गिळून मोठा झालेला नाही. व्हर्सायमध्ये तिसऱ्या भागाने पहिले दोन्ही गिळले. चौदाव्या लुईपाशी पैसा कमी नव्हता, रेघ नव्हती.

श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रतही आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे, हे त्यात ठरवून घ्यावे लागते. परदेशी सहलीच्या काळात त्याचा उल्लेख अवघडल्यासारखा वाटतो. तरीही अनेक कुटुंबे निघण्यापूर्वी तेवढ्या दिवसांसाठी देशांची आणि वस्तूंची मर्यादा घेतात आणि खरेदीची यादी आपोआप आखूड होते. चौविहार पाळणाऱ्यांना तेथील सूर्य वेगळाच अनुभव देतो. जूनमध्ये पॅरिसला सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, डिसेंबरमध्ये मात्र संध्याकाळी पाचच्या आतच. घड्याळाने जेवण्याची सवय असलेल्या मुलांना त्या निमित्ताने सूर्याकडे पाहून जेवण्याचा अर्थ उमगतो.

पॅरिसहून रेल्वेने दोन-अडीच तासांत अँटवर्प येते. या शहरात राजवाड्याची गोष्ट उलटी घडली आहे. मेर रस्त्यावरील प्रासाद १७४५ मध्ये एका धनिक व्यापाऱ्याने बांधविला. १८११ मध्ये नेपोलियनने तो आपल्यासाठी घेतला आणि सजविला. पण त्यात राहण्याचा योग त्याला आला नाही. पुढे तो डच आणि नंतर बेल्जियन राजांकडे गेला. व्यापाऱ्याचे घर राजाचे झाले, राजांनी ते सोडले आणि आज ते लोकांसाठी खुले आहे. जवळच १५३१ मध्ये उभारलेली व्यापाऱ्यांची सराफकट्ट्यासारखी बाजारवास्तू आहे. सर्व देशांच्या व्यापाऱ्यांना खुली असलेली ही वास्तू पाहूनच लंडनमध्ये ग्रेशमने आपली बाजारवास्तू उभारली. अँटवर्पची वास्तू १८५८ मध्ये जळाली आणि पुन्हा बांधली गेली.

मध्यवर्ती रेल्वेस्थानकाला लागून हिऱ्यांच्या व्यापाराच्या गल्ल्या आहेत. येथे पिढ्यान्‌पिढ्या ज्यू व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. १९६० नंतरच्या दशकांत पालनपूरचे जैन व्यापारी तेथे गेले. इतरांना किफायतशीर न वाटणारे बारीक हिरे त्यांनी घेतले, ते सुरत-नवसारीला पैलू पाडण्यासाठी पाठविले आणि हळूहळू बाजाराचा मोठा हिस्सा मिळविला. आज जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ सुरतेत घडतात आणि मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरेबाजार अँटवर्पशी रोज बोलत असतो. त्या गल्ल्यांत सौदा पक्का होतो तो ‘मझल’ या एका हिब्रू शब्दाने आणि हस्तांदोलनाने. ज्यू असो वा जैन, शब्द दिला की माघार नाही. त्या बाजारातील सर्वांत मोलाची वस्तू हिरा नसून ही पत आहे. शहराच्या विल्रिक उपनगरात या व्यापाऱ्यांनी उभारलेले संगमरवरी जिनमंदिर आहे. त्याचे दगड भारतात कोरून तेथे नेण्यात आले. सहलीतील मंडळींनी पूजेची वस्त्रे बरोबर ठेवावीत.

परंतु अँटवर्पचे चित्र केवळ यशाचे नाही, आणि तरुणांना ते तसे दाखवू नये. एके काळी या शहरात हजारो कारागीर हिऱ्यांना पैलू पाडीत; ते काम बहुतांशी सुरतेला गेले. आता वारे पुन्हा फिरले आहे. १ जानेवारी २०२४ पासून युरोपीय संघाने रशियन हिऱ्यांवर बंदी घातली. प्रयोगशाळेत घडविलेले हिरे स्वस्त होत गेले आणि खाणीतल्या हिऱ्यांचे भाव त्यांनी खाली ओढले. सुरतेच्या कारखान्यांतील कारागिरांनी आणि मुंबईच्या अनेक पेढ्यांनी त्याची झळ सोसली आहे. अँटवर्पमध्ये हिऱ्यांचे संग्रहालय आहे. व्यवसायाचाही राजवाडा होऊ शकतो, याची ती आठवण समजावी. पेढी म्हणून कोणी आपोआप टिकत नाही.

म्हणूनच या सहलीत वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींची उपस्थिती महत्त्वाची. आजोबांनी सुरू केलेली पेढी पुढे चालवायची की नाही, हा प्रश्न आज अनेक घरांत जेवणाच्या वेळी निघतो आणि अर्धवट राहतो. वडिलांना वाटते, मुलाला धंद्याचे प्रेम नाही. मुलाला वाटते, वडिलांना काळ कळत नाही. आरसे घडविणाऱ्या कंपनीने मक्ता गेल्यावर आरशांचा हट्ट धरला नाही. काच घडविण्याची विद्या तेवढी जवळ ठेवली. पालनपुरी व्यापाऱ्यांनी मोठ्या हिऱ्यांचा हट्ट धरला नाही. पारख आणि शब्द जपला. घरातही सोडायचे काय आणि जपायचे काय, याची यादी वडील आणि मुले एकत्र बसून करू शकतात. माल, जागा, नाव, प्रसंगी संपूर्ण धंदाही सोडण्याच्या बाजूला जाऊ शकतो. दिलेला शब्द, स्वच्छ हिशेब आणि स्वतः ओढलेली गरजेची रेघ यांना मात्र त्या बाजूला जागा नाही.

अशा सहलीची तयारीही थोडी वेगळी असावी. निघण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे. मुलांनी जेथे जायचे तेथील एकेका वास्तूचा इतिहास सांगावा, ज्येष्ठांनी आपल्या पेढीचा. कोणत्या साली कोणत्या मालाने सुरुवात झाली, कोणत्या मंदीत काय विकावे लागले, कोणी उधार दिले आणि ते कसे फेडले, हे अनेक नातवंडांनी कधी ऐकलेलेच नसते. व्हर्सायच्या राजांची वंशावळ पाठ असणाऱ्या मुलाला आपल्या पणजोबांनी पहिले दुकान कोणत्या गावी थाटले हे ठाऊक नसेल, तर पारपत्राआधी घरातल्या जुन्या चोपड्या कपाटातून बाहेर काढाव्यात.